जुन्या कॅम्परमध्ये नवा ब्लूटूथ टेप: स्पीकरला एकच वायर आहे, करंट कुठून घ्यायचा?

मंचरकर_कॅम्पर

नमस्कार मंडळी. गाडी २००८ची बोलेरो कॅम्पर, डिझेल, १२ व्होल्ट. कॅसेटवाला टेप काढून टाकलाय. नवा घेतलाय तो सिंगल डिन (डॅशबोर्डातल्या भोकाचं ठरलेलं लहान माप), सीडी नसलेला, ब्लूटूथ-यूएसबी-एफएम. खोक्यावर ४ × ५० वॅट लिहिलंय. पुढच्या दोन दारांत चार-चार इंची स्पीकर आहेत.

अडचण अशी की जुन्या टेपमागे प्रत्येक स्पीकरची एकच वायर आलेली आहे. स्पीकरचं दुसरं टोक दारातच पत्र्याला स्क्रूने लावलंय. नव्या टेपला मात्र प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी आहेत. काळ्या पट्ट्याच्या सगळ्या एकत्र करून बॉडीला लावल्या तर चालेल का?

दुसरं, पिवळी आणि लाल या दोन्ही एकत्र पिळून जुन्या टेपच्या करंटच्या वायरीला जोडा असं एका वायरमनने सांगितलं. बरोबर आहे का? की बॅटरीपासून वेगळी वायर ओढावी? आणि हाच टेप परत करून नऊ इंची टचस्क्रीन घ्यावा का, असंही मनात आहे.

दहाचा_पाना

काळ्या पट्ट्याच्या वायरी बॉडीला अजिबात लावू नका. नवे टेप सगळ्यात जास्त याच एका गोष्टीने जळतात.

जुन्या टेपमधून आवाजाची एक वायर निघायची आणि परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. आताच्या टेपमधला आयसी (आवाज वाढवणारी चिप) स्पीकरच्या दोन्ही वायरी स्वतः चालवतो, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. टेप चालू असताना स्पीकरच्या कुठल्याही वायरीवर मीटरची लाल पिन आणि बॉडीवर काळी पिन ठेवलीत, तर ६ ते ७ व्होल्ट डीसी दिसेल, म्हणजे बॅटरीच्या निम्मे. तो बिघाड समजू नका, रचनाच तशी आहे. ती वायर पत्र्याला लागली की हे व्होल्टेज सरळ अर्थ होतं, म्हणजे बॉडीला शॉर्ट. आयसीला संरक्षण असेल तर टेप गप्प बसतो, नसेल तर धूर. डाव्या-उजव्या स्पीकरच्या निगेटिव्ह एकमेकींना बांधणं हाही त्यातलाच प्रकार.

तेव्हा दारापर्यंत नवी जोडवायर ओढा. १ चौरस मिमी पुरे, दोन दारांना मिळून ७-८ मीटर लागेल. स्पीकरच्या टोकावरची ती पत्र्याची वायर कापून नुसती लोंबती ठेवू नका, स्पीकरवरून काढूनच टाका. मग टेप जोडायच्या आधी मीटरने दोन गोष्टी तपासा. स्पीकरच्या दोन टोकांमध्ये ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ ओहमच्या आसपास दाखवतो. शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट, काहीच आलं नाही तर कॉइल तुटलेली. आणि टेपच्या बाजूच्या दोन्ही टोकांपासून बॉडीपर्यंत मीटरने काहीच दाखवता कामा नये. दार पूर्ण उघडून, बंद करून, काच वर-खाली करून पुन्हा बघा. कुठे पत्र्याच्या धारेवर वायर सोलली असेल तर ती अशीच सापडते.

प्लस-मायनस ओळखायला घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा पडदा) बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागला ते स्पीकरचं प्लस. हे करताना टेप जोडलेला नसावा. एक स्पीकर उलटा लागला तर आवाज येतो, पण ढोलकीचा ठेका कुठे गेला ते कळत नाही, कारण एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो.

रंग सगळ्या कंपन्यांचे जवळजवळ एकच: पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी पट्टी म्हणजे त्याच स्पीकरचं मायनस. तुम्हाला पांढरी आणि राखाडी जोडी वापरायची. हिरव्या-जांभळ्या चारही वायरींची टोकं वेगवेगळी स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) घालून बंद करा, एकाच चिकटपट्टीत गुंडाळू नका.

आणि ते ४ × ५० मनावर घेऊ नका. टेपच्या मागचा फ्यूज बघा, बहुधा १० अँपिअरचा असेल. १० × १४ व्होल्ट म्हणजे १४० वॅट आत जातात, त्यातले बरेच उष्णतेत जातात. मग २०० बाहेर कुठून येणार? प्रत्येक स्पीकरला खरे १५ ते २० वॅट धरा. केबिनला तेवढे भरपूर होतात.

फ्यूज_पंधराचा

वर लिहिलंय त्यात करंटचा भाग जोडतो.

पिवळी म्हणजे कायमचा बॅटरीचा करंट. टेपमधलं घड्याळ, स्टेशनं, ब्लूटूथची जोडणी तिच्यावर जिवंत राहते आणि ॲम्प्लिफायरचा सगळा भारही तीच ओढते. लाल ही नुसती खूण आहे, 'चावी फिरवली आहे' एवढंच ती टेपला सांगते, तिच्यातून जेमतेम करंट जातो. दोन्ही पिळून चावीच्या वायरीला लावल्या तर गाडी बंद केली की स्टेशनं पुसली जातात. दोन्ही बॅटरीला लावल्या तर टेप कधीच झोपत नाही. तसा चालू राहिलेला टेप नुसता ३०० मिलीअँपिअर ओढत असेल तरी दिवसाला ७.२ अँपिअर-तास गेले. चार दिवस गाडी उभी राहिली तर जवळजवळ २९. मग सेल्फ मारताना टक-टक.

जुन्या टेपची वायर नव्याला का पुरत नाही, त्याचाही हिशोब सोपा आहे. अर्ध्या चौरस मिमीची तांब्याची वायर तीन मीटर असेल तर तिचा रोध साधारण ०.१ ओहम. १० अँपिअर ओढले की एक पूर्ण व्होल्ट वायरीतच मेला. आवाज मोठा केला की दिवे लुकलुकल्यासारखी स्क्रीन मंद होते ती यामुळे. २.५ चौरस मिमी घेतली तर तेवढ्याच अंतरात ०.२ व्होल्ट पडतो.

काम सुरू करताना पहिल्यांदा बॅटरीचं मायनस काढा. प्लसपासून २.५ ची लाल वायर घ्या आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज होल्डरसकट बसवा. फ्यूज डॅशबोर्डमध्ये लावला तर बोनेटमधल्या तुकड्याला कोणी वाली नाही, आणि पत्र्याच्या भोकात वायर घासून जळते ती नेमकी तिथेच. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, जाताना भोकात रबरी ग्रोमेट (कडं) हवंच. एक्झॉस्टच्या बाजूने वायर नेऊ नका.

लालसाठी चावीचा ॲक्सेसरी टप्पा शोधा: चावी बंद असताना शून्य, पहिल्या टप्प्यावर १२, सेल्फ मारताना परत शून्य. काही जुन्या चाव्यांना हा टप्पाच नसतो, तेव्हा फ्यूजबॉक्समधून वायपरसारख्या चावीवर चालणाऱ्या लाइनवरून घ्या आणि मध्ये १ किंवा २ अँपिअरचा वेगळा फ्यूज टाका. मात्र ज्या लाइनवर इंजिनचा डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असेल तिला हात लावू नका. टेपच्या वायरीत शॉर्ट झाला तर फ्यूज उडेल आणि गाडी घाटात बंद पडेल. हीटर प्लगच्या लाइनलाही लांबूनच नमस्कार.

निळी, किंवा निळी-पांढरी, ही टेपमधून बाहेर येणारा करंट आहे, मोटरच्या अँटेनासाठी किंवा वेगळा ॲम्प्लिफायर चालू करण्यासाठी. तिला बॅटरी लावू नका, अर्थही लावू नका. टोक बंद करून ठेवा.

सोल्डर_राव

जोड सोल्डरिंग करूनच घ्या भाऊ. पीळ मारून वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड उन्हाळ्यात डिंक पाझरून उघडे पडतात.

दहाचा_पाना

चिकटपट्टीच्या डिंकाबद्दल शंभर टक्के सहमत. सोल्डरबद्दल नाही. पिकअपला धक्के असतात, सोल्डर वायरीच्या धाग्यांत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे वायर ताठ आणि मऊ यांच्या सीमेवर मोडते. वरून स्लीव्ह असल्यामुळे दिसतही नाही. जागच्या जागी आडवं पडून सोल्डर मारणं हे वेगळंच. तांब्याचे बट कनेक्टर (दोन टोकं जोडायच्या नळ्या) चांगल्या क्रिम्पिंग पकडीने दाबा, ओढून बघा, वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). त्याहून बरं म्हणजे आठ-आठ पिनांच्या आयएसओ (गाडीच्या टेपसाठी ठरलेल्या मापाच्या) सॉकेटची जोडी घ्या. काळ्या सॉकेटमध्ये ४ नंबर पिवळी, ७ लाल, ८ काळी, म्हणजे टेपचा अर्थ. तपकिरी सॉकेट स्पीकरचं, त्यात ३-४ पुढचा उजवा आणि ५-६ पुढचा डावा, विषम पिन नेहमी प्लस. पुढच्या वेळी टेप बदलायचा तर नुसतं उपटून लावा. एक सावधगिरी: काही गाड्यांत ४ आणि ७ अदलाबदल झालेल्या असतात, म्हणून रंगावर न जाता मीटरवर जा.

सोल्डर_राव

ताठ होते हे मान्य. सोल्डर केलाच तर त्या जागेला दोन्हीकडून टायने बांधून घ्यावं, म्हणजे लचकणार नाही. बाकी आयएसओ सॉकेट उत्तमच.

गॅरेज_गल्ली

वायरींबद्दल सगळे बोलले, बसवण्याबद्दल कोणी नाही.

सिंगल डिनचं भोक १८२ × ५३ मिमी लागतं. आधी पत्र्याची चौकट, म्हणजे स्लीव्ह, डॅशबोर्डात घाला आणि तिचे दात पेचकसाने बाहेर वाकवा. मोजकेच पण घट्ट. प्लास्टिक जुनं झालेलं असतं, सगळे दात जोरात वाकवले तर चौकटीभोवती तडा जातो. सीडी नसलेला टेप लांबीला आखूड असतो हा तुमचा फायदा, मागे सॉकेट आणि अँटेनाला निदान पाच सेंटिमीटर जागा सोडा. वायरींचं भेंडोळं टेपच्या पाठीला चेपून बसवलं की टेप तापतो आणि पुढेही नीट बसत नाही.

टेपच्या पाठीला एक बोल्ट असतो. त्याला भोकांची पत्र्याची पट्टी लावून ती मागच्या आडव्या पट्टीला कसा. शहरातल्या गाडीत हे कोणी करत नाही, पिकअपमध्ये केलंच पाहिजे. नाहीतर पूर्ण वजन पुढच्या चौकटीवर नाचतं, महिन्याभरात खडखड सुरू होते आणि मग यूएसबीचं तोंड सैल पडतं.

बाजूला स्क्रू लावायची वेळ आली तर ५ मिमी जाडीचे, ८ मिमी लांबीचेच घ्या. डब्यात सापडला तो लांब स्क्रू पिळला तर तो आत सर्किट बोर्डात घुसतो, आणि वॉरंटीवाला पहिलं तेच बघतो.

दारात मोठे स्पीकर टाकायचा मोह होईल. आधी काच पूर्ण खाली करा, मग पत्र्यापासून काचेपर्यंत खोली मोजा आणि स्पीकरच्या मॅग्नेटची खोली त्याहून निदान ५ मिमी कमी आहे ना ते बघा. दारातून पाणी आत झिरपणारच, ते खालच्या भोकांतून जायला हवं, म्हणून स्पीकरच्या वरच्या अंगाला प्लास्टिकची झापड लावा आणि वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे थेंब टोकावर न येता झोलातून गळतो. बिजागरीजवळ वायर रबरी नळीतूनच न्या.

टचस्क्रीनबद्दल: तुमच्या डॅशबोर्डात डबल डिन, म्हणजे १०० मिमी उंचीचं, कापल्याशिवाय बसणार नाही. सिंगल डिनच्या डब्यावर तरंगणारी नऊ इंची स्क्रीन मिळते. तिच्याखाली कोणते खटके झाकले जातात ते पुठ्ठा कापून डॅशबोर्डाला धरून आधी बघा. हॅझर्डचं बटण झाकलं जात असेल तर विषय संपला. शिवाय तेवढी रुंद स्क्रीन एकाच पट्टीवर टांगलेली, खराब रस्त्यावर ती मान हलवत राहते. माझं मत, आहे तोच ठेवा, मोबाईलला एक चांगला स्टँड घ्या. रिव्हर्स कॅमेरा हवा असेल तर मात्र स्क्रीन लागेल, तेव्हा पुढे बोलू.

मंचरकर_कॅम्पर

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे नव्या जोडवायरी, पिवळीला १५ चा फ्यूज, लाल वायपरच्या लाइनवर १ अँपिअरच्या फ्यूजने. टेप वाजतोय, जोडणी टिकतेय, गाडी बंद केली की बंद होतोय. पण तीन गोष्टी राहिल्या.

एक, इंजिन चालू असताना बारीक शिट्टी येते, रेस दिली की तिचा सूर चढतो. आवाज शून्यावर केला तरी ऐकू येते. ब्लूटूथ, एफएम, यूएसबी, सगळ्यावर.
दोन, सेल्फ मारताना टेप बंद होऊन परत चालू होतो.
तीन, एफएमवर ९१.१ आणि ९८.३ स्वच्छ लागतात, पण आकाशवाणीच्या १०१ वर आकडा थांबतच नाही. १००.९ वरून एकदम १०१.१. दोन्हीकडे खरखर. अँटेना बदलावी का?

काळी वायर जुन्या टेपच्या अर्थच्याच स्क्रूला लावलीय, डॅशबोर्डमागच्या पट्टीला.

फ्यूज_पंधराचा

दुसरं आधी उरकतो: तो दोष नाही. सेल्फच्या वेळी वायपरची लाइन तुटते, लाल मरते, टेप झोपतो. घड्याळ किंवा स्टेशनं पुसली जात असतील तरच काळजी करा. तेव्हा सेल्फ मारताना पिवळीवर मीटर धरा. ९ च्या खूप खाली जात असेल तर बॅटरीची टोकं आणि बॅटरी तपासा.

तिसऱ्यासाठी अँटेनाला खर्च करू नका. टेप अमेरिकेच्या रीजनवर आहे. तिथे एफएमचा टप्पा ०.२ चा आणि शेवटचा आकडा विषमच असतो, म्हणून ९१.१ आणि ९८.३ सापडतात आणि १०१.० वगळलं जातं. सेटिंगमध्ये रीजन किंवा एरिया नावाचं काहीतरी असेल, तिथे युरोप, एशिया किंवा इंडिया करा. टप्पा ०.१ किंवा ०.०५ होईल. मीडियम वेव्ह असेल तर तिचीही तीच कथा: आपल्याकडची स्टेशनं ९ च्या पटीत, पुण्याचं ७९२ घ्या, आणि अमेरिकेच्या रीजनवर टेप १० च्या उड्या मारतो. बाहेरून आणलेले जुने जपानी टेप तर त्याहून कठीण, त्यांचा एफएम ७६ ते ९० पर्यंतच असतो, तिथे सेटिंगही कामाचं नाही.

दहाचा_पाना

शिट्टी डायनॅमोची आहे. डिझेल गाडी, स्पार्क प्लग नाहीत, त्यामुळे रेससोबत चढणारा सूर दुसरा कुठला नसतो. सगळ्या सोर्सवर आणि आवाज शून्य असतानाही येते म्हणजे मोबाईल किंवा चार्जरचा संबंध नाही. नुसती ऑक्सवर (फोन वायरीने जोडायच्या तोंडावर), तेही फोन चार्जिंगला असताना आली असती, तर ऑक्सच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थमार्गे येणारा आवाज तोडणारा डबा) टाकून भागलं असतं. तुमच्या बाबतीत पहिला संशय त्या जुन्या अर्थच्या स्क्रूवर. पट्टीवर रंग असतो, खाली गंज असतो, आणि ती पट्टी बॉडीला नेमकी कुठे जोडलीय ते कोणी पाहिलेलं नसतं.

मोजून बघा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, टेप मोठ्या आवाजात. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, लांब वायर लावून लाल पिन टेपच्या लोखंडी डब्यावर. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. ०.३ च्या वर असेल तर तोच चोर. खात्रीसाठी बॅटरीच्या मायनसवरून एक वायर तात्पुरती टेपच्या डब्याला टेकवा, शिट्टी लगेच मेली पाहिजे.

मग अर्थ नवीन करा. फायरवॉलच्या पत्र्यावर ६ मिमीच्या बोल्टची जागा घ्या, रुपयाएवढा गोल पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत खरवडा, २.५ ची काळी वायर, गोल लग (वायरीच्या टोकाचं कडं), दातेरी वॉशर, बोल्ट. कसून झाल्यावर वरून ग्रीस. वायर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी पट्टीही तपासा, जुन्या गाड्यांत ती हिरवी पडलेली असते.

एवढं करूनही राहिली तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर लावा, इंजिन चालू, दिवे चालू. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर डायनॅमोचा डायोड गेलाय, ते काम डायनॅमोवाल्याचं. बाजारात शिट्टी मारायला फिल्टर मिळतो तो शेवटचा उपाय, सुरुवात त्याच्यापासून करू नका.

मंचरकर_कॅम्पर

रीजन युरोप केला, १०१ लागला.

टेपच्या डब्यावर ०.४२ व्होल्ट आले होते. जुना स्क्रू काढला तर खाली पूर्ण रंग, करंट नुसता स्क्रूच्या आट्यांतून जात होता. फायरवॉलवर खरवडून लग लावला, आता ०.०४. शिट्टी गेली, फक्त ब्लोअर (केबिनचा पंखा) तीनवर ठेवला की अगदी बारीक घर्र येते.

दहाचा_पाना

ती ब्लोअरच्या मोटरच्या ब्रशची. त्या मोटरचा अर्थही त्याच जुन्या पट्टीवर असणार. तिलाही वेगळी वायर द्या, टेपच्या बोल्टवर नको, त्यापासून लांब.